पाठीवरचं कवच आणि घरातलं कुलूप: गोळीरोधक दप्तरांचं परीक्षण

अमेरिकेत ऑगस्ट आला की शाळेच्या खरेदीच्या याद्या निघतात. वह्या, रंगपेट्या, गोंदाच्या कांड्या, डबा, पाण्याची बाटली. याच हंगामात आणखी एका वस्तूच्या जाहिराती वाढतात. दप्तराच्या पाठीकडच्या कप्प्यात सरकवायचं गोळीरोधक पॅनेल. नेहमीचं माप ११ बाय १४ इंच, वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत साधारण १०० ते २०० डॉलर. पॅनेल आतच शिवलेलं दप्तर घेतलं तर किंमत २०० च्या पुढे जाते. कुठल्याही शाळेत गोळीबार झाला की पुढचे काही दिवस मागणी चढते. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतही "घ्यावं का?" हा प्रश्न येतोच, आणि इथले आजी-आजोबा पैसे पाठवायला तयार असतात. म्हणून मत आधीच सांगतो. पॅनेल ज्या गोळ्या अडवतो म्हणतं त्या बहुतेक वेळा अडवतं. तरीही आम्ही ते घ्यायला सांगणार नाही. त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळणारी दुसरी एक वस्तू आहे, घरातल्या बंदुकीचं कुलूप, तिचंही परीक्षण पुढे केलं आहे.

पॅनेलच्या आत ॲरामिड धाग्याच्या किंवा फार मजबूत जातीच्या पॉलिथिलीनच्या थरांची चवड असते. केव्हलार आणि डायनीमा ही त्यांची ओळखीची व्यापारी नावं. गोळी आदळली की धागे ताणले जातात, धक्का आडवा पसरतो, गोळीचं मऊ शिसं चपटं होतं आणि थरांमध्ये अडकतं. हे घडायला दोन अटी आहेत. गोळी बोथट हवी आणि तिचा वेग धाग्यांना झेपणारा हवा. पिस्तुलाची गोळी सहसा या अटींत बसते. या दर्जाला अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्या (एनआयजे) मानकात 'थ्री-ए' म्हणतात. २०२३ मध्ये आलेल्या नव्या मानकात त्याचं नाव 'एचजी-२' झालं, पण दुकानांत जुनंच नाव चालतं. त्याच्या चाचणीत .४४ मॅग्नम या जोरदार हातबंदुकीची १५.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४३६ मीटर वेगानं झाडतात. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल या मर्यादेच्या आतच येतं.

आता एआर-१५ (लष्करी रायफलीच्या धर्तीवरची नागरी रायफल) घाटाच्या रायफलीची गोळी पाहा. वजन जेमतेम साडेतीन ग्रॅम, म्हणजे वरच्या गोळीच्या पावपटीहून कमी. वेग मात्र सेकंदाला ९९० मीटरच्या घरात, आणि टोक अणकुचीदार. सगळा जोर एका बारीक ठिपक्यावर येतो. धाग्यांना ताणायला वेळच मिळत नाही आणि गोळी आरपार जाते. १४ डिसेंबर २०१२ ला न्यूटाउनच्या सँडी हुक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं गेली, ती अशाच रायफलीनं. १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण गेले, २४ मे २०२२ ला टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, तिथेही हाच घाट. ज्या बातम्या पाहून आईबाप हे पॅनेल मागवतात, त्या बातम्यांतली गोळी या पॅनेलनं थांबत नाही. ती थांबवणाऱ्या कडक पाट्या असतात. पोलादी असेल तर एक पाटी तीन किलोच्या आसपास भरते. पहिलीतलं मूल साधारण २० किलोचं. त्याच्या दप्तरानं दोन-तीन किलोच्या पुढे जाऊ नये. कडक पाटी घातली तर वही घालायला जागा उरत नाही. मऊ पॅनेलसुद्धा दोन किलोच्या हिशेबातला पाव वाटा खातं.

वस्तूच्या बाजूनं बोलायचं तर शाळांच्या आवारात बंदूक चालते तेव्हा ती बहुतेकदा पिस्तूलच असते. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जण मारले गेले, त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती. तिथे मारेकऱ्याकडे दोन पिस्तुलंच होती. अशी गोळी पॅनेलच्या मधोमध आली तर ती अडण्याची शक्यता चांगली आहे. अडचण आहे ती दप्तराच्या जागेची. वर्ग सुरू असताना दप्तर पाठीवर नसतं. ते खुंटीवर, लॉकरमध्ये, बाकाखाली किंवा वर्गाबाहेरच्या कप्प्यात असतं. गोळीबार झाला तर काय करायचं याचा शाळेचा सराव मुलांना शिकवतो तो क्रम असा: दार लावा, दिवे मालवा, दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात जा, आवाज करू नका, बाहेर पळायची वाट मोकळी असेल तर पळा. 'दप्तर आणा' हे त्यात नाही. पॅनेल आहे म्हणून मूल खुंटीकडे धावलं तर त्या सेकंदांत ते दारासमोर उघड्यावर येतं. घरी पॅनेलचं महत्त्व जितकं ठसवावं तितका हा धोका वाढतो. शिवाय डोकं, मान, कूस आणि मांड्या पॅनेलच्या बाहेरच राहतात.

तरीही घ्यायचंच ठरलं असेल तर कागद नीट वाचा. पाकिटावर 'एनआयजे प्रमाणित' लिहिलं असेल तर तिथेच थांबा. ती संस्था पोलिसांच्या अंगावरच्या चिलखतांना प्रमाणपत्र देते, दप्तरांना आणि पॅनेलांना देत नाही. 'थ्री-ए दर्जानुसार स्वतंत्र प्रयोगशाळेत चाचणी' असं लिहिलेलं चालेल, पण मग अहवाल मागा. कुठली प्रयोगशाळा, कुठली तारीख, किती गोळ्या, कुठल्या मापाचा नमुना आणि मातीतला खड्डा किती खोल, हे त्यात हवं. हा खड्डा दुर्लक्षून चालत नाही. चाचणीत पॅनेलमागे विशिष्ट माती भरलेली असते आणि गोळी अडल्यावरही मागे उमटणारा दाब ४४ मिलिमीटरपर्यंत चालतो. ही मर्यादा प्रौढ पोलिसाच्या छातीसाठी ठरवलेली आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या बरगड्यांसाठी असं मानक कुणी केलेलं नाही. पॅनेल आणि पाठ यांच्यामध्ये दोन पुस्तकं असली तर हा दाब कमी पोचतो, म्हणून पॅनेल घालायचंच तर पाठीला चिकटून नको, पुस्तकांच्या पलीकडे हवं. बहुतेक दप्तरांचा खास कप्पा मात्र पाठीलगतच शिवलेला असतो.

काठाचाही हिशेब करा. काठाजवळ बसलेली गोळी थर उलगडून निसटू शकते, त्यामुळे चाचणीत ती धरत नाहीत. ११ बाय १४ इंच म्हणजे १५४ चौरस इंच. चारी बाजूंनी दोन-दोन इंच सोडले तर ७ बाय १०, म्हणजे ७० उरतात. भरवसा ठेवायचा तो एवढ्यावरच.

झीज हा या वस्तूचा न दिसणारा भाग. उत्पादक साधारण पाच वर्षांची हमी देतात, तीही नीट वापराची. ॲरामिडला ओल आणि ऊन चालत नाही, पॉलिथिलीनला उष्णता चालत नाही. टेक्ससच्या मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या काचेखाली दप्तर पडलं, फुटलेल्या बाटलीचं पाणी आवरणाच्या शिवणीतून आत झिरपलं, मूल रोज त्यावर बसलं, तर पाच वर्षं विसरा. बाहेरून काही कळत नाही. पोलिसांच्या चिलखतांत झायलॉन नावाचा धागा वापरत, तो अपेक्षेपेक्षा फार लवकर कमकुवत होतो हे उशिरा लक्षात आलं आणि २००५ मध्ये एनआयजेनं त्या चिलखतांची मान्यता काढली. तिथे निदान तपासणारी यंत्रणा होती. दप्तरातल्या पॅनेलला तीही नाही.

हे सगळं झालं वस्तूबद्दल. पण ती विकत घेताना आपण एक समजूतही घेतो, की हिंसा शाळेच्या फाटकाबाहेरून, अनोळखी माणसाच्या हातून येते. नोंदी वेगळं सांगतात. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं २०१९ मध्ये शाळांवरच्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हल्ले २००८ ते २०१७ मधले, हल्लेखोर त्याच शाळांचे आजी-माजी विद्यार्थी. बंदूक वापरलेल्या प्रकरणांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांत ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आली होती. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ती सहज हाताशी होती किंवा नीट कुलपात नव्हती. हल्लेखोरांचा एकच साचा सापडला नाही, पण जवळपास सगळ्यांच्या वागण्यात आधी काळजी वाटावी असं काही दिसलं होतं. अनेकांना दीर्घकाळ छळ सोसावा लागला होता, आणि बहुतेकांनी आपला इरादा कुणाजवळ तरी बोलून किंवा लिहून दाखवला होता.

३० नोव्हेंबर २०२१ ची मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलची घटना या संदर्भात पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. १५ वर्षांच्या मुलासाठी वडिलांनी चारच दिवसांपूर्वी नऊ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं होतं. त्या सकाळी गणिताच्या कागदावर त्यानं काढलेली बंदूक आणि लिहिलेली वाक्यं पाहून शाळेनं आईवडिलांना बोलावलं. बैठक झाली. मुलाला घरी नेलं नाही, तो वर्गात परतला. पिस्तूल त्याच्या दप्तरात होतं आणि ते दप्तर कुणी उघडून पाहिलं नाही. चार विद्यार्थी गेले. खटल्यात पुढे आलं की घरच्या तिजोरीचा कोड कारखान्यातून आलेली तीन शून्यंच होता, आणि पिस्तुलासोबत मिळालेलं केबलचं कुलूप वापरलंच नव्हतं. सरकारी वकिलांनी तसं कुलूप न्यायालयात काही सेकंदांत लावून दाखवलं. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघंही वेगवेगळ्या खटल्यांत मनुष्यवधाचे दोषी ठरले, प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलमध्ये चौघं मारले गेले. तपासात सांगितलं गेलं की १४ वर्षांच्या मुलानं रायफल दप्तरात घालून, बाहेर राहिलेलं टोक कागदी पुठ्ठ्यात गुंडाळून शाळेच्या बसमधून आणली, आणि ती त्याला वडिलांनी नाताळात भेट दिली होती. सँडी हुकची बंदूक आईची होती, घरात आधी तिचाच जीव गेला. टेक्ससच्या सांता फे हायस्कूलमध्ये मे २०१८ ला दहा जण गेले, शॉटगन आणि रिव्हॉल्वर वडिलांची. डिसेंबर २००७ मध्ये गुडगावच्या एका खासगी शाळेत आठवीतल्या मुलांनी वर्गमित्रावर गोळ्या झाडल्या, तेही पिस्तूल घरातलंच, वडिलांचं. आपल्याकडे परवाना मिळणं कठीण आहे म्हणून अशा घटना विरळ. पण परवान्याची बंदूक ज्या घरात आहे तिथे प्रश्न तोच आहे.

म्हणून दुसरी वस्तू, बंदुकीचं कुलूप. घरात बंदूक ठेवणाऱ्या भारतीय कुटुंबांनीही हा भाग वाचावा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे केबलचं कुलूप. प्लास्टिकचं वेष्टण असलेली पोलादी तार आणि एका टोकाला छोटं कुलूप. दुकानात दहा-पंधरा डॉलरला मिळतं, पण पैसे देण्याआधी जवळच्या पोलिस ठाण्यात विचारा, अनेक ठिकाणी ते फुकट देतात. परवानाधारक विक्रेत्यानं पिस्तुलासोबत असं साधन द्यावं असा संघीय कायदाही आहे. लावण्याची रीत: मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, काढा. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढून अडकवा. चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, डोळ्यांनी पाहा, बोटानं चाचपा. केबल टरफल बाहेर पडतं त्या खिडकीतून आत घालून मॅगझिनच्या रिकाम्या पोकळीतून खाली काढा आणि टोक कुलपात अडकवा. स्लाइड आता पूर्ण पुढे जात नसेल तर बरोबर लागलंय. रिव्हॉल्वरला चक्री बाहेर वळवून चौकटीच्या मोकळ्या जागेतून किंवा नळीतून ओवा. चुकतं ते असं, की केबल चापाच्या कडीतून घालून कुलूप लावतात. त्यानं बंदूक निकामी होत नाही, उलट भरलेली असेल तर केबलच्या ओढीनं गोळी सुटू शकते. आणि गॅरेजमध्ये तारकापी कात्री असेल तर ही तार कापायला फार वेळ लागत नाही. लहान मुलांसाठी केबल पुरते. पंधरा-सोळा वर्षांच्या, ठरवून बसलेल्या मुलासाठी पुरत नाही.

तिथे पोलादी पेटी हवी. चार आकडी बटणांची, एका पिस्तुलाची पेटी ३० ते ६० डॉलरपासून मिळते. आमची पसंती साध्या यांत्रिक बटणांच्या पेटीला. बॅटरी नाही, बोटाचा ठसा नाही, बिघडायला फारसं काही नाही. विजेवरच्या स्वस्त पेट्यांत खटका एका छोट्या विद्युतचुंबकाच्या दांडीनं अडतो. काही पेट्या टेबलावर आपटल्या की ती दांडी क्षणभर उचलली जाते आणि झाकण उघडतं. विकत घेतल्या दिवशी रिकामी पेटी आपटून पाहा. उघडली तर परत करा. ठशाच्या पेट्यांबद्दल जास्त सावध राहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं एका कंपनीच्या सुमारे ६१,००० पेट्या परत मागवल्या. ठसा नोंदवेपर्यंत त्या कुणाच्याही बोटानं उघडत होत्या, आणि ठसा नोंदवला आहे असा मालकाचा समज होई. अशा एका पेटीतून काढलेल्या बंदुकीनं बारा वर्षांचा एक मुलगा दगावला, असा आरोप एका दाव्यात होता. ठशाची पेटी घेतलीच तर नोंदणीनंतर घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून बघा, पाच-सहा वेळा. कॅलिफोर्नियाचा न्याय विभाग तपासलेल्या साधनांची यादी प्रसिद्ध करतो. दुसऱ्या राज्यात राहत असलात तरी त्या यादीतलंच मॉडेल घ्यावं.

पेटी नुसती कपाटात ठेवली तर मूल पेटीसकट नेऊ शकतं. मागच्या बाजूला भोकं असतात, त्यांतून बोल्टनं जमिनीला किंवा भिंतीतल्या लाकडी खांबाला आवळा. काडतुसं दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत. बंदूक रिकामी, कुलूपबंद आणि काडतुसं वेगळी कुलूपबंद, अशी शिफारस अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना करते. लपवून ठेवणं हा याला पर्याय नाही. २००६ च्या एका अभ्यासात, मुलाला बंदुकीची जागा माहीत नाही असं ठामपणे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांची मुलं 'माहीत आहे' म्हणाली. किल्लीचंही तसंच. ती देवघराच्या खणात किंवा गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असेल तर कुलूप असून नसल्यासारखं.

या साध्या पेटीला आम्ही इतकं महत्त्व का देतो? २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,२०४ माणसं गेली. त्यांतल्या २७,०३२ आत्महत्या होत्या. शाळेतली हत्याकांडं या आकड्याचा फार छोटा भाग आहेत. २०२० पासून तिथल्या १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, त्यात रस्त्यावरची भांडणं, घरातला अपघात, खोलीत एकट्या बसलेल्या मुलाचा निर्णय, सगळं येतं. शाळेवर हल्ला करणाऱ्या अनेकांच्याही मनात स्वतःला संपवण्याचे विचार आधीपासून होते. दप्तराचं पॅनेल यातल्या एखाद्याच प्रसंगी, तेही झालं तर, उपयोगी पडेल. कुलूप या प्रत्येक प्रसंगाच्या आधी आडवं येतं. २०१५ च्या एका पाहणीनुसार भरलेली आणि कुलूप नसलेली बंदूक असलेल्या घरांत ४६ लाख मुलं राहत होती. म्हणजे तुमच्या घरात बंदूक नसली तरी मूल खेळायला जातं त्या घरात असू शकते.

शाळा स्वतः जे विकत घेतात त्याबद्दल थोडक्यात. आतून लावता येणारं वर्गाचं चांगलं कुलूप ही सगळ्यात उपयोगी खरेदी. युवाल्डीत १११ क्रमांकाच्या वर्गाचं कुलूप नीट लागत नाही हे आधीपासून माहीत होतं, दुरुस्ती झाली नाही. पुढे ३७६ सशस्त्र पोलिस जमले तरी हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटं गेली. दाराला कुलपाशिवाय वेगळे बसवायचे अडसर मात्र टाळावेत. आग लागली तर लहान मुलाला ते काढता येत नाहीत, आणि आत हल्लेखोरच असेल तर तेच अडसर त्याच्या कामी येतात. धोक्याचं बटण उपयोगी आहे. पार्कलंडमध्ये गेलेल्या एका मुलीच्या नावाचा कायदा करून न्यू जर्सीनं २०१९ मध्ये ते शाळांना सक्तीचं केलं. अपालाचीत शिक्षकांच्या ओळखपत्रातली बटणं जेमतेम आठवड्यापूर्वी आली होती, आणि मदत लवकर पोचण्यात त्यांचा वाटा होता. फाटकावरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शस्त्रशोधकांबाबत घाई नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेनं अशा एका कंपनीवर अतिरंजित दाव्यांचा ठपका ठेवला आणि काही शाळांना करार मोडण्याची मुभा मिळाली.

पालकसभेत विचारायचे प्रश्न मग हे: वर्गाचं दार आतून किती सेकंदांत लागतं? निनावी सूचना देण्याची सोय आहे का, आणि रात्री अकराला आलेली सूचना कोण वाचतं? काळजीची चिठ्ठी किंवा चित्र सापडल्यावर दप्तर तपासायचा निर्णय कुणाचा? ऑक्सफर्डमध्ये या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या सकाळी कुणाकडेच नव्हतं.

आणि मूल मित्राकडे जाणार असेल तेव्हा विचारायचं ते मराठी माणसाला फार अवघड जातं. परक्या घरी चौकशी केल्यासारखं वाटतं. शेंगदाण्याची ॲलर्जी, कुत्रा, पोहण्याचा तलाव यांबद्दल विचारता त्याच ओघात विचारा: "घरात बंदूक आहे का? असली तर कुलपात आहे ना?" अमेरिकेत डॉक्टरही हे विचारतात, सहसा कुणी मनाला लावून घेत नाही. उत्तर अडखळत आलं तर मुलांना आपल्याच घरी बोलवा. किशोरवयीन मूल खचलेलं दिसत असेल तर काही काळ बंदूक घराबाहेर, विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे ठेवता येते का ते राज्याच्या नियमांत पाहा. मनाच्या संकटासाठी ९८८ हा क्रमांक २०२२ पासून देशभर चालतो. कुलपाचा कायदाही राज्यागणिक वेगळा आहे. मिशिगननं फेब्रुवारी २०२४ पासून अल्पवयीन असलेल्या घरात कुलूप सक्तीचं केलं. टेक्ससचा कायदा १७ वर्षांखालच्या मुलांपुरताच आहे, आणि सांता फेचा हल्लेखोर १७ वर्षांचा होता.

पॅनेल आधीच घेतलं असेल तर टाकू नका. दुमडू नका, धुऊ नका, गाडीत ठेवू नका, आतल्या चिठ्ठीवरची तारीख उलटली की बाद करा, आणि मुलाला स्पष्ट सांगा की वर्गात काही झालं तर दप्तराकडे जायचं नाही. पेटी नवी घेतली असेल तर कारखान्याचा कोड त्याच दिवशी बदला. नव्या कोडसाठी घरातल्या कुणाच्या वाढदिवसाची तारीख वापरू नका, मुलांना पहिल्यांदा तीच सुचते.